रांधणारे आणि सांगणारे

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी भाची घरी आली ती मुलाच्या शाळेचा अर्ज हातात घेऊनच. अर्ज कन्नडमध्ये छापलेला होता. आमच्या बेळगावात मराठी घरांतले असे कागद कन्नड वाचणाऱ्या कुणातरी वडीलधाऱ्याकडे येतात. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या नात्यात ते काम माझ्याकडे आहे. नाव, जन्मतारीख, वडिलांचे उत्पन्न असे एकेक रकाने भरत आम्ही 'तायिय उद्योग' या ओळीपाशी आलो.

"मामा, आईचा व्यवसाय म्हणून काय लिहायचं?" तिने विचारले.

"तुझे ते नसते उद्योग, तेच लिहू की," मी म्हणालो.

कन्नडमध्ये उद्योग म्हणजे नोकरीधंदा, आणि मराठीतले 'नसते उद्योग' म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. दोन भाषांत वाढलेल्या माणसाला असे विनोद सुचतात आणि स्वतःचे स्वतःला फार आवडतातही. भाची हसली नाही. "गृहिणी लिहा," एवढेच म्हणाली. दोन्ही भाषांत चालणारा तो शब्द मी लिहिला. तिने अर्ज घडी करून पिशवीत घातला आणि चहा न घेता निघून गेली.

ही भाची गेली सहा वर्षे स्वयंपाकाच्या चित्रफिती तयार करून यूट्यूबवर घालते. तिच्या घरचे निम्मे भाडे आणि मुलाची फी त्यातून भरली जाते, हे मला माहीत होते. तरीही तिचे काम मला 'उद्योग' वाटले नव्हते, 'नसते उद्योग' वाटले होते. ती गेल्यावर मला माझेच वाईट वाटू लागले. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. ज्या गोष्टीची आपण थट्टा केली तिला काही पूर्वपीठिका आहे की काय, हे निदान पाहावे, म्हणून जुनी पुस्तके काढून बसलो. त्या धुंडाळणीतून जे हाती आले ते हे.

*

स्वयंपाक करणारे हात आणि स्वयंपाक सांगणारे तोंड ही दोन निरनिराळी असतात, ही गोष्ट मला या शोधात प्रथम कळली. आपल्या भागातला अगदी जुना पुरावाच पाहा. आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने राज्य कसे मिळवावे, ते टिकवावे कसे आणि भोगावे कसे, अशा शंभर अध्यायांच्या या ग्रंथात अन्नभोगाचे प्रकरण आहे. त्यात उडदाच्या पिठाची इडरिका आहे, धोसक आहे, पोळ्या आहेत, मांसाचे नाना प्रकार आहेत आणि मंडक, म्हणजे आपले मांडेही आहेत. याच ग्रंथात, गाण्यांच्या प्रकरणात, मराठी पदेही सापडतात. म्हणजे कन्नड मुलखातला राजा, ग्रंथ संस्कृतात, गाण्यांत मराठी आणि ताटात इडलीच्या पूर्वजाशेजारी मांडे! सीमाभागातल्या माणसाला यात नवल वाटू नये; त्याच्या घरी रोज हेच असते.

पण त्या ग्रंथावर नाव आहे ते राजाचे. पीठ मळणारा, मांड्याची कणीक हातावर फिरवून पातळ करणारा आचारी कोण होता, ते ग्रंथात कुठेही नाही. राजा स्वतः चुलीपुढे बसला असेल असे मला वाटत नाही. कुणीतरी रांधले, कुणीतरी पाहिले, कुणीतरी श्लोकात बसवले आणि सांगणारा म्हणून सोमेश्वर अजरामर झाला.

कन्नडमध्ये तर ही परंपरा त्याहूनही जुनी. दुसऱ्या चावुंडरायाच्या 'लोकोपकार' या १०२५ च्या ग्रंथात शेती, विहिरी, औषधे यांच्या जोडीला पाककलाही आहे. पुढे सोळाव्या शतकाच्या आरंभी तिसऱ्या मंगरसाने कन्नड पद्यात 'सूपशास्त्र' लिहिले. आणि मराठीत छापून निघालेल्या पहिल्या पाकपुस्तकाचे नाव काय असावे? तेही 'सूपशास्त्र'च. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे हे पुस्तक १८७५ साली निघाले. मंगरसाचे सूपशास्त्र आणि गुप्त्यांचे सूपशास्त्र यांत साडेतीन शतकांहून अधिक अंतर आहे आणि भाषाही वेगळी आहे. पण शास्त्राचे नाव सामाईक आहे. भाषेवरून आपल्याकडे जे काही झाले ते झाले. भांड्यांची आणि ग्रंथांची नावे मात्र त्याआधीच एकमेकांकडे उसनी गेलेली होती.

मधल्या काळातला एक दुवा तंजावरचा. व्यंकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ नवहस्त, म्हणजे नवाथे, या पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' रचले. कोणते धान्य कसे, कोणता पदार्थ कोणत्या ऋतूत पथ्यकर, याचा तो आयुर्वेदाला धरून केलेला संग्रह आहे. मराठी माणूस दूर तमिळ मुलखात गेला की आपल्या खाण्याची नोंद करू लागतो, हे तेव्हापासूनचे आहे. भाचीच्या कामाशी याचा संबंध काय, असे कुणी विचारील. आहे, पण त्याकडे पुढे येतो.

*

गुप्त्यांच्या पुस्तकानंतर पस्तीस वर्षांनी, १९१० च्या सुमारास, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे पुस्तक आले. हजार पाकक्रिया नीट मांडून लिहिणे हे काम किती मोठे, याची कल्पना ज्याने एक तरी कृती कागदावर उतरवून पाहिली आहे त्यालाच येईल. माझ्या दृष्टीने या पुस्तकाचे महत्त्व निराळे आहे. इथे रांधणारी आणि सांगणारी ही एकच व्यक्ती झाली. ज्या हाताला फोडणीचे चटके बसले त्याच हाताने टाक धरला.

त्यानंतर १९४३ चे 'रसचंद्रिका'. मुंबईच्या सारस्वत महिला समाजाने काढलेल्या या पुस्तकाच्या मागे अंबाबाई संशी यांचे कष्ट होते. चित्रापूर सारस्वत मंडळी मूळची कानडा जिल्ह्यातली, घरात कोंकणी बोलणारी. पण पुस्तक काढले ते मराठीत. लेकी-सुना मुंबईत बिऱ्हाडे करून राहू लागल्या, सासू-आई गावी राहिल्या आणि विचारायला जवळ कुणी उरले नाही, म्हणजे असे पुस्तक लागते. तंजावरच्या नवाथ्यांपासूनचा दुवा हाच. माणूस घरापासून तुटला की पाककृती लिहावी लागते. ज्याची आई शेजारच्या खोलीत आहे त्याला पुस्तक नको असते.

आता बेळगावकरांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींचे दुकान काढले ते बेळगावात. पुढे कारखान्याची जागा नगरपालिकेच्या विस्तारात गेली आणि औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच कुंडल गावात १९१३ साली कमलाबाई ओगले यांचा जन्म झाला. शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या त्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांच्या हाताखाली. त्यांचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पुढे त्याच्या प्रती लाखाच्या वर खपल्या आणि 'एक लाख सुनांची सासू' असे त्यांचे कौतुक झाले. १९९९ साली त्या गेल्या. पुस्तक अजून विकले जाते.

'रुचिरा'चे रहस्य काय? माझ्या मते ते वाटी-चमच्यात आहे. त्याआधी घरात कृती सांगायची पद्धत म्हणजे 'अंदाजाने घाल', 'हाताला लागेल तसं पाणी घे', 'मूठभर', 'चिमूटभर'. ज्याचा हात बसला आहे त्याला हे पुरते. नव्या सुनेचा हात बसलेला नसतो आणि अंदाज म्हणजे काय हाच तिचा प्रश्न असतो. पुस्तकी माप द्यावे तर शेर-छटाक गेलेले, ग्रॅमसाठी घरात तराजू नाही. वाटी आणि चमचा मात्र प्रत्येक घरात असतात. घरची वाटी लहान असो की मोठी, सगळे जिन्नस तिनेच मोजले की प्रमाण बिघडत नाही. चौथी शिकलेल्या बाईने हे ओळखले. सासूच्या हातातला अंदाज तिने मापात आणला आणि परक्या घरच्या मुलीच्या हवाली केला. सांगणाऱ्याचे खरे काम हेच असते. पदार्थ त्याने शोधलेला नसतो, तो दुसऱ्याला जमेल असा करून देण्यासाठी सांगणारा लागतो.

*

छापील पुस्तकानंतर आवाज आला. धारवाड आकाशवाणी १९५० साली सुरू झाली आणि सांगली १९६३ साली. आमच्या घरी दोन्ही केंद्रे लागत. महिलांच्या कार्यक्रमात पाककृती सांगू लागले की आमच्या मातोश्री पेन्सिल शोधत. सांगणारीचा वेग पेन्सिलीला झेपत नसे. त्यामुळे त्यांच्या वहीत बऱ्याच कृती अर्ध्या आहेत. धारवाडच्या कृतींतले 'जीरिगे', 'बेल्ल' असे कन्नड शब्द ऐकले तसे देवनागरीत लिहिले आहेत आणि शेवटी 'पुढचे राहिले' असा शेरा आहे.

मग चित्र आले. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. झी टीव्हीवर १९९३ पासून संजीव कपूर 'खाना खजाना'त दिसू लागले आणि हॉटेलातला आचारी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आला. या व्यवसायाचा जुना रस्ता कसा होता हे पाहायचे तर तरला दलाल यांचे उदाहरण घ्यावे. त्यांचा जन्म १९३६ साली पुण्यातला. १९६६ पासून त्यांनी मुंबईत घरी वर्ग घेतले, १९७४ साली पहिले पुस्तक आले, मग दूरदर्शन, मग स्वतःचे नाव हाच एक धंदा आणि २००७ साली पद्मश्री. म्हणजे आधी शिकवणी, मग पुस्तक, मग पडदा. आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी दार उघडायला हवे. प्रकाशकाने हो म्हणायला हवे, निर्मात्याने बोलवायला हवे.

यूट्यूब २००५ साली निघाले आणि दारावरचा माणूस नाहीसा झाला. मधुरा बाचल यांनी २००९ साली अमेरिकेत राहत असताना चित्रफिती घालायला सुरुवात केली. आज मराठी घरांत त्यांचे नाव सांगावे लागत नाही. इथेही तंजावरचाच धागा आहे, घरापासून दूर गेलेल्या माणसाचा. हिंदीत निशा मधुलिका पन्नाशीच्या आसपास या कामाला लागल्या. आंध्रातल्या मस्तानम्मा तर शंभरी ओलांडल्यावर जगाला माहीत झाल्या. उघड्या रानात तीन दगडांच्या चुलीवर त्या रांधत आणि नात्यातला तरुण चित्रण करी. २०१८ साली त्या वारल्या. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, मोबाइलवरचे चित्र स्वस्त झाले आणि खेड्यातल्या सुनेच्या हातातही 'पुढचे राहिले' असा शेरा मारावा न लागणारी वही आली. थांबवा, मागे न्या, पुन्हा पाहा. 'तांबूस होईपर्यंत परता' यातला तांबूस म्हणजे नेमका किती, याचे उत्तर इतक्या शतकांनी प्रथमच डोळ्यांना दिसू लागले.

दारावरचा माणूस गेला खरा. पण दार कंपनीचेच राहिले. २०१८ सालापासून नियम असा झाला की जाहिरातीचे पैसे मिळायला आधी एक हजार वर्गणीदार हवेत आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिले गेलेले हवे. चार हजार तास म्हणजे दोन लाख चाळीस हजार मिनिटे. माणूस सरासरी तीन मिनिटे थांबतो असे धरले तर ऐंशी हजार वेळा कुणीतरी आपली चित्रफीत लावायला हवी. तोवर गॅस, तेल, तूप सगळे पदरचे. त्यानंतर लांब चित्रफितीवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातले पंचावन्न टक्के करणाऱ्याला, उरलेले कंपनीला. आणि शंभर डॉलर साठल्याशिवाय रक्कम खात्यात येत नाही. शिवाय दार केव्हा बंद होईल याचा नेम नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली आणि त्यावर बस्तान बसवलेल्यांचा प्रेक्षक एका रात्रीत गेला. सोमेश्वराच्या आचाऱ्याचा अन्नदाता निदान डोळ्यांसमोर तरी होता.

*

हे सारे वाचून झाल्यावर मी भाचीकडे गेलो आणि दोन दिवस तिचे काम पाहत बसलो. माझ्यासारख्याला वाटते की बाई स्वयंपाक करतेच आहे, समोर मोबाइल ठेवला की झाले. तसे अजिबात नाही.

पहाटे साडेपाचला उठून घरचा स्वयंपाक आणि डबे, तो वेगळा. नवरा कामाला आणि मुलगा शाळेला गेला की गणपत गल्लीत बाजार. कोथिंबीर घेताना ती वासापेक्षा रंग पाहते. मिरची ब्याडगीच, कारण तिखट कमी आणि लाली अशी की पडद्यावर उठून दिसते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून साडेनऊपासून बारापर्यंत चांगला उजेड येतो; तेवढ्यात मुख्य काम उरकायचे. आता तिच्याकडे तिपाई आणि दिवा आहे. सुरुवातीला दोन उंच डब्यांवर पाट आडवा टाकून ती त्याच्या कडेला मोबाइल सुतळीने बांधत असे. पंखा बंद, फ्रिज बंद. शेजारच्या मिक्सरचा आवाज सुरू झाला की हातातली फोडणी तशीच धरून थांबायचे आणि ती करपली तर कढई धुऊन पुन्हा पहिल्यापासून.

आठ मिनिटांच्या चित्रफितीला तिचे दोन दिवस जातात. एक पदार्थ बहुधा दोनदा होतो, एकदा कृती दाखवायला आणि एकदा शेवटी ताटात देखणा मांडायला. दुपारी कापाकापी, म्हणजे दोन तासांतून आठ मिनिटे निवडणे. रात्री मुलगा झोपला की कपाट उघडून, कपड्यांत तोंड घालून ती निवेदन बोलते. कपडे घुमणारा आवाज खातात असे ती सांगते. मग दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासारखे एक मुखचित्र करायचे आणि नाव द्यायचे. सणांचे वेळापत्रकही दिवाळी अंकाच्या संपादकासारखेच उलटे. तिच्याकडे पितृपंधरवड्यात चकल्या तळल्या जातात आणि प्रत्यक्ष दिवाळीत ती संक्रांतीच्या वड्या थापत असते. घरच्यांना गरम पदार्थ मिळत नाही. मी होतो तेव्हा मुलगा शाळेतून आला, झाकण उचलून पाहिले आणि विचारले, "आई, हे खायचं की शूटिंगचं?"

भाषेचा पेच वेगळाच. तिने आरंभ मराठीत केला. मग भरल्या वांग्यांना लागून 'एण्णगायी' आले, धारवाडकडची मंडळी पाहू लागली आणि ती एकाच चित्रणावर दोन निवेदने बोलू लागली. त्यावर मराठीतल्यांनी कन्नड कशाला म्हणून विचारले आणि कन्नडमधल्यांनी मराठी कशाला म्हणून. ती दोघांनाही उत्तर देत नाही. "दोन्हीकडचे कृती मात्र करून बघतात, मामा," एवढे हसत म्हणाली.

पहिली दोन वर्षे एक रुपया आला नाही. तिसऱ्या वर्षी पहिली रक्कम आली तेव्हा तिने सासूबाईंना साडी घेतली. त्यानंतर उत्पन्न कधी चढते, कधी निम्म्यावर येते. २०२० नंतर मिनिटाभराच्या फितींची लाट आली आणि सावकाश शिकवणाऱ्यांचे प्रेक्षक कमी झाले. म्हणून आता अन्नसुरक्षेची नोंदणी करून ती मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणीही विकते. मसाल्याच्या जाहिराती येतात. पैसे घेऊन शिफारस केली तर तसे स्पष्ट सांगावे लागते आणि न चाखलेल्या मालाची शिफारस ती करत नाही. असा हा उद्योग आहे.

*

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा लेख लिहायला बसलो.

बेळगावचे मांडे प्रसिद्ध. लग्नकार्यात त्यांना मान. ज्ञानदेवांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची आख्यायिका आपण ऐकलेली असते, 'मनातले मांडे' तर सगळेच खातात. पण खरा मांडा करणारे हात आता थोडे उरले आहेत. मळलेली कणीक बराच वेळ मुरू द्यायची, हातावर झेलत झेलत कागदासारखी पातळ करायची, पालथ्या कढईवर टाकायची, साखर-खसखशीची पूड पसरायची आणि कडक व्हायच्या आत चौघडी घालायची. या शेवटच्या कामाला मोजून काही क्षण मिळतात. आमच्या भागातल्या एक काकू हे काम चाळीस वर्षे करतात. भाचीने त्यांच्या घरी जाऊन दोन सकाळी चित्रण केले. ती फीत पुष्कळ पाहिली गेली.

महिनाभराने कुणी परक्याने तीच फीत कापून, आपला आवाज घालून, आपल्या नावाने प्रसिद्ध केली. काकूंचे हात होते, भाचीचे चित्रण होते, दोघींची नावे नव्हती. पाककृतीवर कायद्याने कुणाची मालकी सांगता येत नाही. ज्या शब्दांत किंवा चित्रांत ती सांगितली त्यावर येते. तिने कंपनीकडे तक्रार केली आणि काही दिवसांनी ती फीत काढली गेली. पण तोवर ती रडली होती. मी तिच्या घरी होतो. मी मोठ्याने म्हणालो, "ही सरळसरळ चोरी आहे. ज्याचे हात त्याचं नाव नको का?"

ती उठली, आतून एक जुनी स्मरणिका घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. मांड्यांवर माहिती शोधताना तिला ती आपल्या आईच्या ट्रंकेत मिळाली होती. त्यात १९९४ सालचा माझा लेख होता, बेळगावच्या मांड्यांची परंपरा सांगणारा. त्या लेखासाठी मी याच काकूंच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात तीन सकाळी बसलो होतो. त्यांनी मला कणीक मुरण्याची खूण सांगितली होती, चार मांडे खाऊ घातले होते. लेखाबद्दल मला शाल-श्रीफळ मिळाले.

"मामा, ह्यात त्यांचं नाव कुठं आहे?" भाचीने विचारले.

मी पाने उलटली. लेखात मानसोल्लास होता, मुक्ताई होती, खाली माझे नाव पदवीसह होते. त्या बाईंचा उल्लेख 'एका वृद्ध स्त्रीकडून समजले' एवढाच होता. सोमेश्वराने निदान तो राजा असल्याचे लपवले नव्हते. मी शिक्षक होतो, आणि ज्यांच्याकडे तीन दिवस शिकलो त्यांना मी नाव ठेवले नाही. त्या बाई २००१ साली गेल्या. आता दुरुस्ती करायला उशीर झाला होता.

भाचीने मात्र उशीर केलेला नव्हता. तिच्या फितीच्या पहिल्याच वाक्यात काकूंचे नाव आहे आणि त्या फितीचे जे उत्पन्न येते त्यातला अर्धा हिस्सा ती दर खेपेला त्यांच्या हातात देते. तसे कुणी तिला सांगितले नव्हते. "हात त्यांचे, बोलणं माझं," ती म्हणाली, "म्हणून अर्धं-अर्धं." शतकानुशतकांच्या पाकग्रंथांत मला जो न्याय सापडला नाही तो असा दोन वाक्यांत झाला होता.

या लेखात तरी नाव द्यावे म्हणून मी काकूंकडे गेलो. सासूबाईंचे आणि त्यांचे, दोन्ही नावे छापतो म्हणालो. त्यांनी कढई चुलीवर पालथी घालता घालता ऐकून घेतले.

"सासूबाईंना नवऱ्याचं नाव घ्यायला आवडायचं नाही, स्वतःचं तर नाहीच. ते राहू दे. आणि माझं तिच्या फितीत आहे ते पुरे झालं. पुस्तकात नाव आलं की लोक पत्ता शोधत येतात, आता एवढे मांडे होत नाहीत माझ्याच्यानं. मांड्याच्या काकू म्हणून लिहा. गल्लीत कुणालाही विचारलं तर घर दाखवतील."

म्हणून या लेखात त्यांचे नाव नाही. पण यावेळी ते मी गाळलेले नाही, त्यांनी राखलेले आहे. एवढा फरक पडायला माझी तीसाहून अधिक वर्षे गेली.

यंदा जूनमध्ये भाची पुन्हा अर्ज घेऊन आली. 'तायिय उद्योग' ही ओळ आली तेव्हा तिने काही विचारले नाही आणि मीही विनोद केला नाही. त्या ओळीवर मी कन्नडमध्ये लिहिले, 'अडुगे कलिसुवुदु', म्हणजे स्वयंपाक शिकवणे. तिने वाचले, मान हलवली आणि चहा घेऊन गेली. शाळेतल्या कारकुनाने काही न विचारता शिक्का मारला म्हणे. विचारले असते तर सांगायला पुष्कळ होते.